काल्यूचं फाटक आणि माझी तीन चाकं

३१ जानेवारी, सोमवार

आणि वर मलाच विचारतो, "साल्मे, तुझी ही गाडी धरायची कशात?" धरायची कशात म्हणजे? हँडलला धर, मेल्या. शाळेत हा काल्यू माझ्या मागच्या बाकावर नाक ओढत बसायचा. आता अंगावर रस्तेखात्याचं जाकीट चढलं तर मला समुद्र शिकवतो.

आज बर्फावरचा रस्ता उघडला. आमच्या किहनू बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत समुद्र पक्का गोठला, रस्त्याच्या खुणेच्या फांद्या रोवून झाल्या, फाटक बसलं. दर वर्षी रस्ता उघडला की पहिली मी जाते. मोटारसायकलला बाजूने जोडलेल्या साइडकारमध्ये पर्च माशांची टोपली, वर विणलेले हातमोजे, आणि निघाले पलीकडच्या पार्नू शहराच्या बाजाराला. हे सगळ्या बेटाला माहीत आहे. तरी काल्यू फाटक उचलेना.

"फलकावर मोटारीचं चित्र आहे," म्हणाला. "व्हॅनचं आहे. ट्रकवर काट मारली आहे. मोटारसायकलला साइडकार लावलेलं चित्रच नाही."

"चित्र नाही म्हणजे बंदीही नाही."

"पार्नूला फोन करून विचारावं लागेल."

"मग विचार. मी थांबते."

"साहेब जेवायला गेलेत."

सकाळचे नऊ वाजले होते. कसलं जेवण ते?

मागच्या सगळ्या गाड्या माझ्या डोळ्यांदेखत निघून गेल्या. जाता जाता जो तो काच खाली करून विचारत होता, "साल्मे, येतेस का? जागा आहे." एवढी माया या बेटावर कधीपासून उतू जायला लागली?

मला कुणाच्या गाडीत जायचं नाही. माझी सासू म्हातारपणी अशीच लोकांच्या गाडीतून फिरली. आधी एकाने सोडलं, मग दुसऱ्याने, मग सगळे विसरले, आणि ती खिडकीशी बसून राहिली ती कायमची. ज्या दिवशी मी स्वतः चालवत पलीकडे जाणार नाही त्या दिवशी माझी पण खुर्ची खिडकीशी लागली असं समजायचं. तोवर नाही.

ही वही पिरेतने नाताळात दिली. पिरेत माझी मुलगी, पार्नूला असते. म्हणाली, "आई, डोक्यातला राग यात लिही, म्हणजे फोनवर जरा कमी येईल." नवरा युहान फिनलंडात घरं बांधतो, तो उन्हाळ्यातच येतो. म्हणजे घरात ऐकून घ्यायला वहीच उरली. पिरेत म्हणते वहीत रेघा आखलेल्या आहेत. असतील. मला तर कोरीच दिसते. हल्ली दुकानदार काहीही गळ्यात मारतात.

२ फेब्रुवारी, बुधवार

बाजाराचा दिवस. मी शेजारी लाइनेकडे गेले. लाइने माझी नणंद, वयाने मोठी, जिभेने लहान. म्हटलं, "तुझी मोटार दे. तिला चार चाकं आहेत, चित्रात बसते."

"अगं वहिनी, बॅटरी बसली गं. रात्रीच्या थंडीने."

घरी येऊन चहा ठेवते तोवर तिची मोटार सुरू झाल्याचा आवाज. मी बहिरी नाही. धावत बाहेर गेले तर ही बया माझ्याच दारात उभी. म्हणते, "दे तुझी टोपली, मी नेऊन विकते."

"बॅटरी बसली होती ना?"

"उठली."

नेलंन. मासे सगळे खपले, पैसे चोख आणून दिलेन. हातमोज्यांचा एक जोड मात्र परत आला. गिऱ्हाईक म्हणालं म्हणे, एक हात निळा आहे आणि एक काळा. मी लाइनेला म्हटलं, लोकरवालीनेच लबाडी केली असणार, एका पिशवीत दोन रंग भरून दिले. लाइनेने हातमोजे गुपचूप घडी करून ठेवले. एरवी लोकरवालीला नावं ठेवायची संधी ती सोडत नाही.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रभर हिमवर्षाव. सकाळी बेटाचा ट्रॅक्टर गोदामासमोर उभा होता, किल्ली आतच. सामुदायिक शेती होती तेव्हा मी हाच ट्रॅक्टर चालवायचे, म्हणून कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. म्हटलं आधी माझी गल्ली साफ करू, मग हाच घेऊन काल्यूच्या फाटकावर जाऊ. बघू कोण अडवतो.

बर्फावर ट्रॅक्टर चालवणं सोपं असतं. हळू जायचं, मध्येच ब्रेक मारायचा नाही, वळताना आधी वेग काढून घ्यायचा. हे सगळं मी केलं. तरी चर्चच्या वळणावर कुंपण आडवं आलं. पूर्वी ते इतकं रस्त्यात नव्हतं.

काल्यू फाटकात उभा.

"साल्मे, हा बर्फावर नाही जायचा. याच्या वजनाने रस्ताच खाली जाईल."

हे खरं होतं, त्यामुळे जास्तच राग आला.

"मग नाही नेत."

"आणि चर्चचं कुंपण पडलं म्हणतात."

"पडलं असेल बर्फाच्या भाराने."

"त्याच्या फळ्या तुझ्या ट्रॅक्टरच्या फावड्यात आहेत."

"मग आभार मान. उचलून आणल्या मी."

त्याने एक एक करून फळ्या उतरवल्या आणि भिंतीला लावून ठेवल्या. हसला नाही. हसला असता तर मी त्याला एक लगावली असती, आणि मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ट्रॅक्टरची किल्ली कुठेतरी गेली. गोदामवाला म्हणतो, हरवली. इतकी वर्षं ती त्याच जागी लटकत होती.

७ फेब्रुवारी, सोमवार

आज घसरगाडी काढली. पुढे खुर्ची, खाली दोन लोखंडी पट्ट्या, मागे उभं राहून एका पायाने रेटायची. हिला इंजिन नाही, चाकं नाहीत, चित्राचा प्रश्न नाही. खुर्चीवर टोपली बांधली आणि फाटकाच्या बाजूने, काल्यू चहा पीत असताना, सरळ समुद्रावर उतरले. पार्नूला जायचं नव्हतं, तेवढा मूर्खपणा माझ्यात नाही. फक्त फांद्यांच्या ओळीने पहिल्या वळणापर्यंत जाऊन यायचं, म्हणजे त्याला कळेल.

यंदा फांद्या फार विरळ रोवल्या आहेत. काडीसारख्या. त्यात धुकं. या वर्षी धुकं सकाळी येतं ते दुपारपर्यंत हलत नाही. तरी मी एका फांदीवरून दुसरी धरत गेले, आणि एकदम डावा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात.

मी ओरडले नाही. ओरडायची मला सवय नाही. पण जे बोलले ते काल्यूला किनाऱ्यावर ऐकू गेलं.

तो आला, काखेत हात घालून मला ओढून काढलं, खुर्चीवर बसवलं, माझा बूट उपसला आणि आपला लोकरी मोजा काढून माझ्या पायात घातला. मग थर्मासमधला चहा. त्याच्या पायात आता एकच मोजा होता.

"बर्फ फोडून टाकलेल्या माझ्या जाळ्यावर कशाला आलीस?"

"रस्त्याच्या फांद्या इकडे येतात म्हणून."

"या फांद्या नाहीत, साल्मे. जाळ्याच्या काठ्या आहेत. प्रत्येकीवर काळं फडकं आहे."

"मग धुक्यात फांद्यांसारख्या दिसतात तशा रोवतोस कशाला?"

"कुठल्या धुक्यात?"

"हे काय. सगळीकडे."

तो माझ्याकडे बघत राहिला. बर्फ किती जाड आहे, माणसाला पेलेल का, असं बघतात तसं. मग खुर्चीवर मला तसंच बसवून मागून रेटत घरापर्यंत घेऊन आला. अख्ख्या गावातून. मी टोपली मांडीवर घेऊन बसले होते, बोचक्यासारखी. या गोष्टीची भरपाई त्याला करावी लागेल.

१० फेब्रुवारी, गुरुवार

पाय बरा आहे. मोटारसायकलला खिळ्यांचे टायर चढवले, काल्यूचा मोजा धुऊन सुकवला, आणि दोन्ही घेऊन फाटकावर. मोजा त्याने घेतला. फाटक उचललं नाही.

आज नवीन कारण.

"साहेबांचं उत्तर आलं," म्हणाला. "साइडकार चालेल. पण नियम सगळे लागू."

"लावा."

"बर्फावर पट्टा सोडून चालवायचं. गाडी खाली गेली तर माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे."

"हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे."

"हो, पण तुझ्या गाडीला पट्टाच नाही. मग तू सोडणार काय?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मागे लाइने मोटारीत बसली होती, ती छपराकडे बघत होती. हे सगळे काहीतरी शिजवत आहेत. मला वाटतं, बाजारातली माझी जागा कुणाला तरी हवी आहे.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

पट्टा पाहिजे ना. माझ्या लग्नातला विणलेला कमरपट्टा पेटीतून काढला. लाल-पांढरा, तळहाताएवढा रुंद. फाटकासमोर मोटारसायकल उभी केली, स्वतःला सीटला बांधून घेतलं, गाठ मारली, आणि काल्यूच्या नाकासमोर गाठ सोडली.

"सोडला."

मागच्या गाड्यांतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काल्यूने तोंडावर हात धरला. खोकला आला म्हणाला.

"दाराचं काय?" म्हणाला. "कुलूप न लावता, लगेच उघडेल असं दार ठेवायचं, हाही नियम आहे."

"थांब इथेच."

घरी गेले. मासे धुरावर सुकवायच्या खोपटाचं दार बिजागरीतून काढलं, साइडकारमध्ये उभं केलं आणि परत आले. वाटेत दोनदा वाऱ्याने मला जवळजवळ उचललं.

"हे दार. हे उघडं. याला कुलूप कधी नव्हतंच."

आता काल्यू सरळ हसला. हसताना त्याचे डोळे पाणावले. थंडी होतीच तशी.

"साल्मे, वेगाचं सांग."

"पंचवीसच्या खाली, नाहीतर चाळीसच्या वर. मधल्या वेगाने गेलं तर बर्फाखालचं पाणी लाट धरतं आणि बर्फ फोडतं. दोन गाड्यांत भरपूर अंतर. मध्ये थांबायचं नाही. तुझ्या आजोबांनी माझ्या वडिलांना शिकवलं आणि वडिलांनी मला. अजून काही?"

"काट्यावर नजर ठेवशील?"

"काट्याकडे कोण बघतं? मी कानाने चालवते. बर्फ गुणगुणायला लागला की मी वेगाची मूठ पिळते."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "बुधवारी ये. अकराला. आधी नको, नंतर नको. अकराला म्हणजे अकराला."

जिंकले. खोपटाचं दार मात्र परत बसेना. त्याची बिजागरी हल्ली फार बारीक करतात, भोक सापडत नाही.

१६ फेब्रुवारी, बुधवार

गेले आणि आले.

अकराला फाटकावर पोचले तर अख्खं गाव तिथे. मोटारी एका रांगेत, इंजिनं बंद, आणि माणसं बाहेर उभी राहून चहा पिताहेत. नाकातला श्वास गोठतोय अशा थंडीत.

"काय गं, जायचं नाही का कुणाला?" मी लाइनेला विचारलं.

"जाऊ गं. चहा झाला की."

"घरी मिळत नाही चहा?"

"इथे चव वेगळी लागते."

काल्यूने फाटक उचललं. साइडकारवर थाप मारली, घोड्याला मारतात तशी.

या रस्त्यावर मी आयुष्यभर गेले, पण असा रस्ता कधी मिळाला नव्हता. समोरून एक गाडी नाही. मागून नाही. दूरवर पांढरं आणि त्याच्यावर पांढरं, आणि खिळ्यांची कुरकुर. घागरा गुडघ्याखाली घट्ट दाबून घेतला, स्कार्फ दातात धरला आणि गेले. मूठ पिळली, बर्फ गुणगुणला, अजून पिळली, गप्प बसला. मध्यावर आले तेव्हा मोठ्याने गायलेसुद्धा. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून लिहायला हरकत नाही.

कुणी नव्हतं असंही नाही. उजव्या बाजूला, लांब, काहीतरी सबंध वाट माझ्याबरोबर सरकत होतं. आवाजावरून बर्फावरची स्कूटर. काल्यूच. मी रस्त्यावरून जरा त्या बाजूला कलले की तो हॉर्न वाजवायचा. फाटक सोडून हा माझ्यावर पाळत ठेवायला येतो, आणि पगार घेतो सरकारचा.

पलीकडच्या किनाऱ्यावर तीच तऱ्हा. गाड्या रांगेत थांबलेल्या. तिथले लोकही चहा पिणारेच निघाले. पुढे एक बाई हातातला स्कार्फ जोरजोरात हलवत होती. म्हटलं ही कोण खुळी. जवळ गेल्यावर आवाज ऐकला तर पिरेत. स्कार्फ नवा घेतला असणार. तिने मला जी मिठी मारली ती सोडेचना. सगळ्यांसमोर. तिचे उघडे हात गार पडले होते.

"थंडी वाजते तर हातमोजे घाल. मी कशाला विणते?"

"हो आई," म्हणाली आणि नाक पुसलं.

मासे तिथेच किनाऱ्यावर विकले. येताना पुन्हा रस्ता मोकळा. लोक भित्रे झालेत, दुसरं काय. थोडा बर्फ पडला की घराबाहेर निघत नाहीत.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात पीठ घेत होते. दुकानवालीने हिशेब करता करता सहज विचारलं, "साल्मे, पुन्हा कधी जाणार गं तू? आधी सांगून ठेव. माझ्या आईला दवाखान्यात न्यायचं आहे, तिला दोन तास किनाऱ्यावर उभी नाही करता येणार."

मी म्हटलं, "मी जाण्याचा आणि तुझ्या आईचा संबंध काय?"

तिने पिठाची पिशवी तोंडासमोर धरली.

पीठ तिथेच टाकून मोटारसायकल काढली आणि काल्यूच्या खोलीवर गेले. फाटकाशेजारी लाकडी खोली आहे त्याची, एक टेबल, एक शेगडी, एक खिडकी.

"बुधवारी रस्ता रिकामा का होता?"

तो राय धान्याचा काळा पाव कापत होता. सुरी खाली ठेवली.

"मी केला म्हणून. दोन्हीकडून. सगळ्यांना विचारलं होतं, सगळे हो म्हणाले. पलीकडचेसुद्धा."

"का?"

"बस ना जरा."

"उभी आहे ती बरी आहे. का?"

"कारण तुला दिसत नाही, साल्मे."

यानंतर मी जे बोलले ते या वहीत लिहिणार नाही, वही मुलीने दिली आहे. माझं संपल्यावर त्याने खिडकीकडे बोट केलं.

"तिथे काय आहे?"

"काय असणार? धुकं."

"नीट बघ."

"खिडकी घाण आहे तुझी."

तो उठला आणि बाहीने काच पुसली. आधीच स्वच्छ असावी, कारण काहीच बदललं नाही.

"तिथे तुझी मोटारसायकल आहे," म्हणाला. "आत्ता तूच लावलीस. दारापासून दहा पावलांवर."

मी म्हटलं, पाव दे. त्याने लोणी लावून दिला. उभ्यानेच खाल्ला. मग बाहेर आले, हात पुढे करून गेले, आणि हँडल हाताला लागलं. घरी चालवत आले नाही. ढकलत आणली. वाटेत दोघांनी विचारलं, बिघडली का? मी हो म्हटलं.

२१ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस कुणाशी बोलले नाही. लाइने दारात वाटाण्याचं सूप ठेवून गेली. ठेवताना एवढंच म्हणाली, "वहिनी, शिव्या द्यायच्या तर दे, पण सूप गरम आहे तोवर खा." खाल्लं. बरं होतं.

सासूला कुणी तोंडावर काही सांगितलं नव्हतं. हळूच सुरी काढून घेतली, मग शेगडी, मग दाराची कडी. ती शेवटपर्यंत म्हणायची, घरातल्या वस्तू चालत निघून जातात. काल्यूने निदान तोंडावर सांगितलं. म्हणून मी त्याचं नाक फोडायचं की त्याला मासे पाठवायचे, हे अजून ठरत नाही.

पिरेतचा फोन. पार्नूला डोळ्यांचा डॉक्टर आहे. डोळ्याच्या आतली काच गढूळ होते, ती काढून दुसरी बसवतात, म्हणाली. थोडक्या वेळाचं काम, माणूस जागा असतो. तिने २ मार्चची वेळ घेऊन पण ठेवली आहे. बुधवार. वेळ आधीच घेतलेली, आता मला फक्त कळवायचं, अशा आवाजात सांगते.

"आई, लाइनेआत्या आणेल तुला."

"तिची बॅटरी बसते."

"आई."

"मला काही झालेलं नाही. पण त्या डॉक्टरला बघू दे एकदा. तो सांगेल सगळ्यांना की काही नाही, मग मी प्रत्येकाच्या दारात जाऊन त्याचं सांगणं ऐकवीन."

"बरं," म्हणाली. फार चटकन म्हणाली.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

कागद लिहिला आहे. उद्या फाटकावर खिळ्याने ठोकून येईन. चुका असतील, असू देत.

काल्यू,

मला २ तारखेला पार्नूला जायचं आहे, डॉक्टरकडे. कुणाच्या गाडीत जाणार नाही. माझ्या मोटारसायकलने जाईन आणि साइडकारमध्ये तू बसशील. पुढे फांदी कुठे, गाडी कुठे, खड्डा कुठे, ते तू सांगायचं. ऐकायचं की नाही ते मी बघेन. बहुतेक ऐकेन. सबंध बेटासमोर मला खुर्चीवर बसवून रेटत आणलंस, आता तू बस. रस्ता रिकामा करायचा की नाही ते तूच ठरव, जीव तुझाही आहे. फक्त त्या दुकानवालीच्या आईला उभी ठेवू नकोस, तिला आधी जाऊ दे.

डॉक्टर काच त्याच दिवशी बदलणार, म्हणून परत येताना माझ्या डोळ्यावर पट्टी बांधलेली असेल, असं पिरेत म्हणते. तेव्हा परतीला हँडल तुझ्याकडे. एकदाच. क्लच अर्ध्यावर पकडतो, जोरात सोडलास तर बंद पडेल, आणि बर्फावर बंद पडलास तर मी उतरणार नाही, ढकलायचं तू.

तुझा होकार नसेल तर मी एकटी निघेन, आणि मग अकरा वाजता नाही, मला वाटेल तेव्हा.

हो की नाही, शनिवारी दुपारी बाराच्या आत सांग. माझ्या दारात येऊन, तोंडी सांग. कागद पाठवू नकोस.

साल्मे